लिलावातली जुनी कार : एमएच०९ स्विफ्ट घेऊ का केए२२ वॅगनार? खानापूर-बेळगाव भागातल्यांनी जरा सांगा

नंदगडचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, नंदगडच्या बाजूचा. बाबांना दर आठवड्याला बेळगावला दवाखान्यात न्यावं लागतंय, आतापर्यंत वडाप नाहीतर गावातल्या एकाची गाडी भाड्याने करत होतो, खरं पावसाळ्यात फार हाल होतात त्यांचे आणि भाड्याला पैसेही भरपूर जातात. म्हणून घरात ठरवलंय एक जुनी कार घ्यायची. बजेट साडेतीन लाख, आणि ते सगळं मिळून, म्हणजे ट्रान्सफर, इन्शुरन्स, बारीकसारीक काम धरून. त्याच्यावर जाणार नाही, कर्ज काढायचं नाही.

बेळगावात दोन-तीन जुन्या गाड्यांच्या डीलरकडे फिरलो, बऱ्यातली गाडी साडेतीनच्या खाली कोण बोलतच नाही. मग ओळखीच्या एकाने लिलावाच्या ॲपवर रजिस्टर करून दिलं, हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्या असतात ते. त्यात दोन गाड्या मनात भरल्यात.

एक स्विफ्ट डिझेल, २०१७ ची, एमएच०९ पासिंग, यार्ड कोल्हापूरच्या बाजूला. बोली दोन लाख दहा हजारापासून. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, आहे म्हणून लिहिलंय.

दुसरी वॅगनार पेट्रोल, २०१६, केए२२ पासिंग, म्हणजे आपल्याच बेळगावची. बोली एक लाख साठपासून. खरं हिच्यापुढे 'आरसी नॉट अव्हेलेबल' असं लिहिलंय.

माझा कल स्विफ्टकडे आहे, कागद तयार आहेत म्हणून. एमएच गाडी केए करून घ्यायला किती लागतंय? आणि आरसी नसलेल्या गाडीला हात लावू का नको? लिलावात कधी घेतलेल्यांनी सांगा प्लीज, घाई आहे, दोन्हीची बोली पुढच्या आठवड्यात बंद होते.

---

निपाणीकर_तेवीस

भावा थांब जरा. 'आरसी आहे' आणि 'कागद तयार आहेत' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ते पहिलं डोक्यात घे.

मी निपाणीचा, आमच्याकडं निम्म्या गाड्या कागलच्या पलीकडनं आलेल्या, त्यामुळं हे एनओसीचं, म्हणजे आरटीओच्या ना-हरकत दाखल्याचं, प्रकरण घरोघरी माहीत आहे. फायनान्सवाल्यानं गाडी ओढली म्हणजे ती लगेच त्याच्या नावावर होत नाही, आरटीओच्या रेकॉर्डला मालक जुनाच असतोय आणि त्याच्या खाली फायनान्सचं एचपी, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद, चढलेलं असतंय. आता विकायला वाटा दोन. एक म्हणजे जुन्या मालकाच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० कंपनीकडं असतात, त्याच्यावर तुझ्या नावावर करायचं, सोबत एचपी उतरवायचा फॉर्म ३५. दुसरी म्हणजे मालक सहीच देत नाही, आरसीही देत नाही, मग कंपनी आरटीओला फॉर्म ३६ भरते, आरटीओ त्या मालकाला नोटीस काढतोय की बाबा आरसी जमा कर, तुझं काय म्हणणं आहे ते सांग, आणि मग कंपनीच्या नावावर नवीन आरसी निघते आणि तिथनं पुढं तुझ्या नावावर. मोटार वाहन कायद्याच्या ५१ कलमात हे सगळं आहे. वाट कायदेशीर आहे खरं वेळ खाते, आणि तोवर गाडी तुझ्या दारात उभी आणि पैसे त्यांच्या खात्यात.

तुझ्या वॅगनारचं 'नॉट अव्हेलेबल' म्हणजे ही दुसरी वाट. म्हणून घाबरून सोडू नको, फोन कर आणि एकच विचार, फॉर्म ३६ टाकला आहे का, टाकला असेल तर कंपनीच्या नावची आरसी निघाली का. निघाली असेल तर ती गाडी उलट जास्त स्वच्छ, कारण मग जुन्या मालकाची सही कुठंच लागत नाही.

माझ्या बाबतीत काय झालं, बोली मंजूर, पैसे भरले, गाडी उचलली, आणि सहीचे फॉर्म बघतो तर सही आरसीवरच्या सहीशी जुळेना, आरटीओत बाबूनं परत लावलं. कंपनीच्या ऑफिसात आज माणूस नाही, उद्या माणूस बदलला, परवा फाईल मुंबईला गेली. शेवटी झालं, खरं वर्षाचा बराच भाग गाडी नावावर नव्हती आणि त्या काळात प्रत्येक वेळी घरातनं बाहेर काढताना पोटात गोळा. म्हणून सांगतोय, बोली लावायच्या आधी फॉर्मचे फोटो मागव व्हॉट्सॲपवर. जो फोटो द्यायला टाळाटाळ करतोय त्याच्याकडनं घेऊ नको.

आता तुझा एमएचचा प्रश्न. स्विफ्ट केए करायची म्हणजे पहिलं कोल्हापूर आरटीओची एनओसी, फॉर्म २८. त्याला टॅक्स बाकी नको, चलन बाकी नको, एचपीवाल्याची हरकत नको. मग बेळगावला गाडी दाखवायची, चेसिसचा ठसा, नवीन नंबरचा फॉर्म २७ आणि त्याच्यावर कर्नाटकाचा लाईफ टाईम टॅक्स. हा टॅक्स लोकांच्या ध्यानातच येत नाही. आपल्याकडं पाच लाखाच्या आतल्या गाडीला १३ टक्के, पाच ते दहा लाखाला १४, त्याच्या वर १७ आणि १८, आणि त्या टॅक्सवर परत ११ टक्के सेस. आणि तो तुझ्या बोलीवर मोजत नाहीत बाबा, गाडी नवीन असतानाच्या किमतीवर मोजतात, वयाप्रमाणं टक्के उतरत जातात तेवढंच. सात लाखाची गाडी धरलीस तर १४ टक्क्यांनी ९८ हजार, सेस धरून एक लाख नऊ हजाराच्या आसपास, त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त तुला आता भरावं लागंल. म्हणजे पन्नास-साठ हजार कुठंच गेले नाहीत. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतोय, खरं त्या रिफंडवर बजेट बांधू नको.

वॅगनारला ह्यातलं काहीच नाही. एनओसी नाही, टॅक्स नाही, नंबर बदल नाही. त्यामुळं पन्नास हजार स्वस्त दिसतंय ते खरं लाखभर स्वस्त आहे.

---

उद्यमबाग_गॅरेज

निपाणीकरांनी कागदाचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. मी गाडीचं सांगतो, माझं काम तेच आहे.

कोल्हापूरची २०१७ ची गाडी म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं एकच येतंय, पूर. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, ही गाडी दोन्ही वेळेला त्याच भागात असणार. पंचगंगा, कृष्णा सोडा, आपल्या यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं. त्या वेळी ज्या गाड्या बुडाल्या त्यातल्या कितीतरी इन्शुरन्समधनं लिलावात गेल्या, धुऊन पुसून परत रस्त्यावर आल्या, मग कुणीतरी कर्ज काढून घेतल्या आणि आता हप्ते थकून परत लिलावात. आणि केए नंबर म्हणून निर्धास्त राहू नका, घटप्रभेचं पाणी गोकाकात शिरलं त्या वेळी तिथल्या गाड्याही बुडाल्याच. चिपळूणची तर गोष्टच वेगळी, तिकडच्या गाड्या घाट चढून आमच्या भागात बऱ्याच आल्या.

यार्डात गेलास की पुढच्या सीटचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढ. पूर्ण म्हणजे पूर्ण, शेवटपर्यंत, जो भाग कधीच बाहेर येत नाही तो. पाण्यातनं गेलेली गाडी असेल तर त्या शेवटच्या दीड-दोन फुटावर चहाच्या डागासारखी आडवी रेघ दिसते, खाली मळकट, वर स्वच्छ. सगळं धुतात, सीटकव्हर नवीन घालतात, सेंट मारतात, खरं बेल्टचं ते टोक धुवायचं कुणाला सुचत नाही. मग सीट मागे-पुढे करून खालचे रेल बघ, बोल्ट गंजलेत का. डिकीतली स्टेपनी उचल, त्याच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात बारीक गाळ बसलेला असतोय, नखानं खरवडला की निघतो. फ्यूज बॉक्स उघड, पिना हिरव्या पडल्यात का बघ. आतलं कारपेट एका कोपऱ्यात उचलता आलं तर उचल, यार्डवाला ओरडला तर ओरडू दे.

बुडालेली गाडी सुरू होते, चालतेही. त्रास नंतर, वायरिंगमध्ये. आज सेन्सर, उद्या पॉवर विंडो, परवा एअरबॅगचा दिवा, आणि ते दुरुस्त करायला आम्हालाही सापडत नाही लवकर कुठं गंज आहे ते. पेशंटला घेऊन जाणाऱ्या गाडीला असलं नको.

दुसरी गोष्ट, लिलावात टेस्ट ड्राईव्ह मिळत नाही. फार तर गाडी चालू करून देतात, ती पण जंप स्टार्टने, कारण महिनोन् महिने उभी राहून बॅटरी मेलेली असते. म्हणून सकाळी लवकर जा आणि बॉनेटला हात लाव, गरम असेल तर कुणीतरी तुझ्या आधीच चालू करून ठेवलीय म्हणायची, थंड इंजिन कसं सुरू होतंय ते मग कळणार नाही. डिझेल चालू झालं की ऑईलचं झाकण काढून बघ, वाफेसारखा धूर जोरात येत असेल तर इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा गेल्या. ॲक्सिलेटर दाबल्यावर टर्बोची शिट्टी जास्तच यायला लागली तरी सोडून दे. ओबीडी स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचायचं यंत्र, माझ्याकडं आहे, फॉल्ट कोड पुसलेले असतील तर तेही अंदाज येतो. टायरवर चार आकड्यांची तारीख असते, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, १८ म्हणजे २०१८ चा टायर, रबर कितीही जाड दिसू दे, बदलावाच लागणार.

आणि चावी विचार. एकच चावी का दोन, का चावीच नाही. मालक गाडी देताना चावी देत नाही, मग ओढून आणतात आणि कुठनं तरी बनवतात, आजकालच्या गाडीला इमोबिलायझर असतोय, चावीचा कोड जुळला नाही तर गाडी सुरूच होत नाही, नवीन चावी कोडिंग करून घ्यायला चांगलाच फटका बसतो.

उंदीर हा पण विषय आहे, हसू नका. यार्डात गवत, बाजूला शेत, गाडी उभी. बॉनेट उघडलं की वायरींचे तुकडे आणि वाळलेला पाला दिसला म्हणजे समजायचं.

---

शहापूरची_विमेवाली

मी बेळगावात इन्शुरन्सच्या कामात आहे बरीच वर्षं, त्यामुळे माझ्या बाजूचं सांगते, कारण गाडी यार्डातून घरी आणायचा दिवस सगळ्यात धोक्याचा आणि त्याचा विचार कुणी करत नाही.

ओढून आणलेल्या गाडीचा विमा बहुतेक वेळा संपलेलाच असतो, ज्याला हप्ते भरता आले नाहीत तो विमा कुठून भरणार. आणि विमा आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच नावाने निघतो. म्हणजे तुम्ही पैसे भरून गाडी घेतली आणि कोल्हापूरहून चालवत निघालात तर गाडी दुसऱ्याच्या नावावर, विमा नाही, पीयूसी नाही, आणि वाटेत कुणाला धक्का लागला तर कोर्टात कोण उभं राहणार? विना विमा सापडलात तर पहिल्यांदा २००० रुपये दंड, तो छोटा आहे, खरा धोका त्या थर्ड पार्टीच्या भरपाईचा, ती लाखात जाते. म्हणून माझं ऐका, गाडी टोइंगवर घालून आणा आणि ते भाडं बजेटमध्ये धरा. निघायच्या आधी थर्ड पार्टी काढता आली तर उत्तम, खरं त्यासाठी ताब्याचं पत्र आणि आरसीची प्रत हातात पाहिजे.

चालू पॉलिसी असलीच तर १४ दिवसांत नाव बदलायचा अर्ज कंपनीला द्यायचा असतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. फुल्ल इन्शुरन्स खंडित झालेला असेल तर कंपनी गाडी बघायला माणूस पाठवते, फोटो काढते, त्याआधी डेंट काढून घ्या.

आणि एक, लॉटच्या, म्हणजे लिलावातल्या त्या गाडीच्या, माहितीत 'टोटल लॉस' किंवा 'सॅल्व्हेज' शब्द दिसला तर ती गाडी बँकेने ओढलेली नाही, विमा कंपनीने विकायला काढलेली आहे. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी टोटल लॉस धरते. ती घरच्या माणसांनी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. अशा गाड्यांचे चेसिस नंबर चोरीच्या गाड्यांवर चढवल्याच्या केसेस पोलिसांत झालेल्या आहेत, त्यामुळे चेसिस नंबरची जागा स्वतः बोटाने चाचपून बघा, आजूबाजूला वेल्डिंग किंवा ताजा रंग आहे का.

---

गडहिंग्लज_झिरोनाईन

एवढं घाबरवताय का त्याला? मी लिलावात घेतलेली गाडी बिनबोभाट चालतेय. आणि एमएच पासिंगचा एवढा बाऊ कशाला, चंदगड नाहीतर गडहिंग्लजला कुणी मामा-मावशी असतीलच की तुझे, त्यांच्या नावावर कर, एनओसी नको, टॅक्स नको. अर्धा सीमाभाग असाच गाड्या चालवतोय. स्विफ्ट घे, डिझेल परवडतंय.

---

निपाणीकर_तेवीस

दादा तुमचा अनुभव चांगला आला, चांगलंच आहे. खरं मामाच्या नावावर करा हा सल्ला नका देऊ. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली की इथला नंबर घ्यायचा हा कायदाच आहे, ४७ कलम. बेळगावात आरटीओवाले मधनं मधनं एमएच गाड्या थांबवतात हे तुम्हालाही माहीत आहे. चलन मामाच्या फोनवर जाणार, उद्या मामाची पोरं वाटणीला उभी राहिली तर गाडी पण वाटणीत. सीमाभागात घरं दोन्हीकडं असतात म्हणून हे सोयीचं वाटतंय, एवढंच.

---

शहापूरची_विमेवाली

आणि विमा मामाच्या नावाने. अपघात झाला आणि गाडी तुम्ही चालवत असाल तर त्या पॉलिसीतला मालक-चालकाचा पंधरा लाखाचा पर्सनल ॲक्सिडेंट मामांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. बाबा आजारी, घरात कमावता हात तुमचा, असं असताना हे करू नका हो भाऊ. कळकळीने सांगते.

---

नंदगडचा_पोरगा

सगळ्यांचे आभार, खरंच. मामा चंदगडलाच आहेत आणि घरात तीच चर्चा चालली होती, आता ती बंद करतो.

वॅगनारसाठी फोन लावला काल. त्यांनी सांगितलं फॉर्म ३६ टाकलाय, आरसी 'प्रोसेसमध्ये' आहे. फोटो मागितला तर उद्या पाठवतो म्हणाले. स्विफ्टवाल्यांनी २९-३० चे फोटो लगेच पाठवले, सही आहे दोन्हीवर. खरं आज परिवाहनच्या साईटवर गाडीचा नंबर टाकून बघितलं तर चलनं बाकी दिसतात, आणि महाराष्ट्र ट्रॅफिकच्या साईटवर अजून वेगळी दिसतात. ती कोण भरणार? आणि अनामत म्हणून वीस हजार भरायला सांगतात, ते बुडतात का?

---

निपाणीकर_तेवीस

चलनं तू भरणार, दुसरं कोण. एनओसीच्या वेळी अडतंय. म्हणून दोन्ही साईटवरची बेरीज करून बोलीतनं वजा कर.

अनामत, ईएमडी म्हणतात ती, बोली हरलास तर परत येते. जिंकलास आणि दिलेल्या मुदतीत बाकी पैसे भरले नाहीस तर जप्त. आता ह्यात एक बारकी गोष्ट आहे, सगळ्यात मोठी बोली तुझी म्हणजे गाडी तुझी असं नाही. लॉटपुढं 'सब्जेक्ट टू ॲप्रूव्हल' लिहिलेलं असतंय, फायनान्सवाला मंजूर करंल तर खरं, नाहीतर नाही. त्या मधल्या काळात तुझी अनामत अडकलेली, दुसऱ्या गाडीवर बोली लावता येत नाही. आणि त्या मुदतीत जुन्या मालकानं थकबाकी भरली तर तो गाडी सोडवून नेतोय, त्याचा हक्कच आहे तो, आणि खरं सांगायचं तर कुणाची गाडी अशी सुटली तर मला बरंच वाटतंय.

बोलीवर बायर फी, यार्डाचं पार्किंग, कधी जीएसटी वेगळा. बिडशीट पूर्ण वाच, किंमत जीएसटीसकट का सोडून ते तिथं लिहिलेलं असतंय. यार्डाचं पार्किंग तू पैसे भरल्यावर ठराविक दिवसांनी चालू होतंय, उचलायला उशीर करू नको.

आता मागनं पुढं मोज. स्विफ्ट : साडेतीन लाख, त्यातनं टॅक्सचे साठ, एनओसी-ट्रान्सफर-एजंट, चलनं, इन्शुरन्स, टोइंग, आणि टायर-बॅटरी-सर्व्हिसला निदान पस्तीस-चाळीस काढून ठेव. दोन-सव्वादोनच्या वर बोली गेली की तू बाहेर. सुरुवातच दोन-दहाला आहे. म्हणजे तुझ्या बजेटात ती बसतच नाही, सरळ हिशोब आहे. वॅगनारला सव्वादोनपर्यंत आरामात जाऊ शकतोस.

आकडा कागदावर लिही आणि बोलीच्या वेळी फोन शेजारी दुसऱ्याच्या हातात दे. शेवटच्या मिनिटाला वेळ वाढत जातोय, पाच-पाच हजारानं चढत जातंय आणि माणसाला वाटतंय पाचच तर आहे.

---

चिक्कोडी_शेतकरी

मधेच एक विचारतो, सरकारी खात्याच्या गाड्यांचा लिलाव एमएसटीसी ह्या सरकारी कंपनीच्या साईटवर असतो की, तिथं बोलेरो, जीप लई स्वस्त दिसतात. ते घेतलं तर?

---

उद्यमबाग_गॅरेज

पंधरा वर्षं झालेली सरकारी गाडी आता घेता येत नाही चालवायला. १ एप्रिल २०२३ पासून नियमच आहे, पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही, ती स्क्रॅप सेंटरलाच जाते. स्वस्त दिसतंय ते त्याचमुळं. पंधरा वर्षांच्या आतली असेल तर घ्या, खरं सरकारी लिलावाची ट्रान्सफर वेगळी, फॉर्म ३२ लागतो आणि ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा, सोबत लिलाव मंजूर झाल्याचं सहीचं पत्र आणि लिलावाला परवानगी दिल्याच्या आदेशाची प्रत. पोलीस स्टेशनच्या आवारातल्या बेवारस गाड्यांचंही साधारण तसंच, आदेशाची प्रत घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

नंदगडच्या भावा, तू सरळ वॅगनार बघायला जा. डिझेलचा हट्ट सोड. नंदगड-बेळगाव आठवड्याला दोन-चार फेऱ्या, त्याला डिझेल कशाला, आणि बाबांना चढ-उतार करायला वॅगनारचं दार मोठं, सीट उंच, गुडघे दुखणाऱ्या माणसाला स्विफ्टमध्ये खाली वाकून बसावं लागतंय. हे गाडी घेताना कोणच बघत नाही, पत्रा आणि मायलेज बघतात.

---

नंदगडचा_पोरगा

हे पटलं. बाबांना कालच शेजारच्यांच्या स्विफ्टमध्ये बसवून बघितलं, उतरताना हात धरावा लागला.

आज फॉर्म ३६ चा फोटो आला. आरटीओचा शिक्का आहे, तारीख चार महिन्यांपूर्वीची. आणि परिवाहनवर मालकाच्या जागी आता त्या फायनान्स कंपनीचंच नाव दिसतंय. म्हणजे आरसी निघाली असं समजू का?

---

निपाणीकर_तेवीस

हो, रेकॉर्डला नाव फिरलं म्हणजे झालं ते काम, आता कार्ड छापून यायचं तेवढं बाकी असणार. मस्त झालं. आता एचपीच्या रकान्यात अजून काही दिसतंय का बघ, दिसत असेल तर विक्रीच्या पत्रात 'एचपी उतरवून देणार' असं लिहून घे, तोंडी नको. कंपनीच्या वतीनं २९-३० वर सही कोण करणार, त्याचं ऑथोरायझेशन पत्र पण माग, बेळगाव आरटीओ ते मागतोय.

ब्लॅकलिस्टचा रकाना पण बघून घे. आणि फास्टॅग, जुना टॅग बंद केल्याशिवाय त्या गाडीला नवीन निघत नाही, तो पण कंपनीलाच बंद करायला सांग.

---

शहापूरची_विमेवाली

आरसी कंपनीच्या नावावर आली आहे तर ट्रान्सफरचा अर्ज ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत टाका, आणि पावती मिळाली की विम्याचं माझ्यासारख्या कुणालाही विचारा, नवीन पॉलिसी सरळ तुमच्या नावाने निघेल. दवाखान्याच्या फेऱ्या आहेत तर थर्ड पार्टीवर भागवू नका, फुल्ल घ्या, आणि त्यात रोडसाइड असिस्टन्सचा पर्याय घाला, खानापूरच्या जंगलातल्या रस्त्याला रात्री गाडी बंद पडली तर उपयोगी पडतो.

---

उद्यमबाग_गॅरेज

वॅगनारचं यार्ड हुबळी रोडलाच आहे तर शनिवारी सकाळी आठच्या आत पोच, मी पण येतो, स्कॅनर घेऊन. माझे पैसे नकोत, चहा पाज. तू येताना टॉर्च, एक जुनं चादर-पोतं खाली झोपून बघायला आणि गाडी बघायचं इन्स्पेक्शन पासचं प्रिंट घेऊन ये, काही यार्डात मोबाईलवर दाखवलेलं चालत नाही. वॅगनारच्या खाली पुढच्या क्रॉस मेंबरला आणि डिकीच्या तळाला गंज बघायचा आहे. ती गाडी गोव्याच्या बाजूला फिरलेली असेल तर खारट हवेनं तिथं खाल्लेलं असतंय.

---

नंदगडचा_पोरगा

येतो दादा नक्की. पास आजच काढून घेतला, शनिवारचीच तारीख मिळाली. बोली सोमवारी संध्याकाळी चारला बंद होणार आहे, वर सांगितल्याप्रमाणे सव्वादोनचा आकडा बहिणीला लिहून दिलाय, फोन तिच्या हातात असणार.